गेलेली दुकाने : एका स्मृतिवाङ्मयाचे परीक्षण

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील जुन्या रहिवाशांनी आपापल्या गावातील बंद पडलेल्या दुकानांच्या, उपाहारगृहांच्या व खानावळींच्या आठवणी गेल्या काही वर्षांत विपुल लिहिल्या आहेत. शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, गणेशोत्सव मंडळांचे अंक, वृत्तपत्रांच्या स्थानिक पुरवण्या आणि दिवाळी अंक यांतून हे लेखन विखुरलेले असते. आणि जे लिहिले जात नाही ते संध्याकाळी मासुंदा तलावाच्या काठी बसून सांगितले जाते. या लेखनास वाङ्मय म्हणावे काय, असा प्रश्न एखादा काटेकोर टीकाकार विचारील. आमच्या मते ते निःसंशय वाङ्मय आहे. त्यास स्वतःचा घाट आहे, ठरलेले अलंकार आहेत, ठरलेला आरंभ आणि ठरलेला शेवटही आहे. आणि ज्या लेखनास एवढे सगळे प्राप्त झाले, त्याचे कौतुक पुरेसे होऊन गेल्यावर कधीतरी परीक्षणही व्हावयास हवे.

या लेखनाचा आरंभ बहुधा रेल्वे स्थानकापाशी होतो, आणि त्यात नवल नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास येऊन थांबली, पुढील वर्षी रूळ कल्याणास पोचले, आणि पुढे या टापूतील माणसाचा दिवस गाडीच्या वेळेने उजाडू व गाडीच्या वेळेने मावळू लागला. मुंबईच्या कचेरीतून परतणारा कारकून पुलावरून उतरून घरी पोचेपर्यंत जी पंधरा-वीस मिनिटे चालत असे, तेवढा रस्ता हेच त्याचे खरे गाव होते. बाकीचा दिवस साहेबाचा आणि रात्र झोपेची. म्हणून त्याची स्मृतीही चालत निघते. ठाण्यास ती गोखले रोडने नौपाड्यात शिरते किंवा जांभळी नाक्याकडे वळते. कल्याणास टिळक चौक ओलांडून पारनाक्यास जाते. डोंबिवलीस फडके रोडने गणेशमंदिरापर्यंत पोचते. उजव्या हाताला पिठाची गिरणी, तिला लागून सायकली तासावर देणारा, मग दोन पायऱ्या खाली उतरून जावे लागे ते वाण्याचे दुकान, वळणावर लाकडाची वखार आणि तिच्यासमोर चहाचे हॉटेल. (इंग्रजास हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा; मराठी माणसाने त्यातून मुक्काम काढून टाकला आणि चहा तेवढा ठेवला.)

या वाङ्मयाचा सर्वांत मोठा गुण हा चालण्यात आहे. जो माणूस एका रस्त्याने चाळीस वर्षे रोज दोनदा गेला, त्याने सांगितलेला दुकानांचा क्रम सहसा चुकत नाही. नगररचना खात्याच्या नकाशावर इमारतीची रेषा असते. त्या इमारतीच्या ओट्यावर कल्हईवाला बसे की कासार, हे त्या रेषेस ठाऊक नसते. ते या लेखकांस ठाऊक आहे, आणि ते त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणास ठाऊक नाही. त्यांच्या लेखनाकडे आम्ही इतक्या गंभीरपणे पाहतो याचे कारण हेच होय. स्मृती चालत असते तोवर हे गद्य जिवंत असते. ती थांबून सुस्कारा टाकू लागली, की ते मरते. आणि दुर्दैवाने ती फार वेळा थांबते.

पहिला सुस्कारा चवीचा. ‘ती चव आता राहिली नाही’ हे वाक्य ज्यात नाही असा लेख दुर्मिळ. यावर वाद घालता येत नाही आणि यातून काही कळतही नाही. चव ही जिभेवर नसते, ती कृतीत असते. वडे घाण्याच्या शेंगदाणा तेलात तळले जात, कढई कोळशाच्या शेगडीवर असे, चहा पितळी पातेल्यात उकळून फडक्यातून गाळला जाई, दूध गावातल्याच गोठ्यातून येई आणि उन्हाळ्यात ते नासले की त्या दिवशी हॉटेलात खरवसासारखे काहीतरी स्वस्तात मिळे, असे कोणी लिहिले तर ती चव वाचकाच्या तोंडात उतरेल आणि ती का गेली हेही न सांगता कळेल. पण ‘अवीट’, ‘अमृततुल्य’ आणि ‘स्वर्गीय’ या तीन विशेषणांनी सगळी मिसळ वाढून टाकली, की खवैया तृप्त होतो आणि वाचक उपाशी राहतो.

दुसरा सुस्कारा किमतीचा. एका आण्यात चहा आणि दोन आण्यांत भजी, हे ऐकून नातवाने डोळे विस्फारावेत अशी अपेक्षा असते. परंतु आजोबांचा पगार त्या वेळी किती होता, घरात खाणारी तोंडे किती होती आणि महिन्यातून किती वेळा ते दोन आणे खिशातून निघत, हे सांगितल्यावाचून त्या किमतीस काही अर्थ नाही. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. तरी ‘चार आणे’ हा शब्द पंचवीस पैशांच्या नाण्यास चिकटून राहिला, तो ३० जून २०११ रोजी ते नाणेच चलनातून जाईपर्यंत. तेव्हा ‘चार आण्यांची मिसळ’ १९५० ची की १९७५ ची, हे लेखकाने सांगितले नाही तर वाचकाने ओळखावे तरी कशावरून? पंचवीस वर्षांत रुपयाचे मोल कोठून कोठे गेले! जुन्या स्वस्ताईचे वर्णन बहुधा आपल्याच तारुण्याचे वर्णन असते. त्यात गैर काही नाही, मात्र ते दुकानाच्या नावावर खपवू नये.

या लेखनावर पु. ल. देशपांडे यांची छाया फार दाट आहे. १९५८ साली ‘बटाट्याची चाळ’ पुस्तकरूपाने आली आणि तेव्हापासून मराठी मध्यमवर्गास आपल्या जुन्या घराकडे हसऱ्या डोळ्यांनी पाहण्याची रीत सापडली. त्या पुस्तकाच्या अखेरीस ‘एक चिंतन’ या प्रकरणात हसे ओसरून जी खिन्नता येते, ती आधीच्या सगळ्या बारीक निरीक्षणाने कमावलेली आहे. चाळकऱ्यांचे क्षुद्रपण लेखकाने कोठेही झाकलेले नाही, म्हणूनच त्यांच्या विखुरण्याचे दुःख खरे वाटते. अनुकरण करणाऱ्यांनी त्यातील खिन्नता उचलली आणि निरीक्षण मागे ठेवले. त्यांच्या लेखांतला प्रत्येक दुकानदार दिलदार, प्रत्येक हॉटेलवाला तिरसट पण मनाने सोन्यासारखा, आणि प्रत्येक गिऱ्हाईक विनोदी. वजनात मारणारा वाणी, रॉकेल काळ्या बाजारात विकणारा रेशनवाला, उधारीसाठी चारचौघांत पाणउतारा करणारा दुकानदार, ही माणसे काय फक्त दुसऱ्याच गावी होती?

इतके दोष भाषेचे आणि सवयीचे म्हणून सोडून देता येतील. खरा दोष याहून खोल आहे. हे सगळे वाङ्मय गल्ल्याच्या अलीकडून लिहिलेले आहे. म्हणजे ते गिऱ्हाइकाने लिहिले आहे. आणि गिऱ्हाइकास दुकानाचा दिसतो तेवढाच भाग त्यात आला आहे. चहाचे पेले पाचही बोटांत अडकवून धावत येणारा पोऱ्या जवळजवळ प्रत्येक लेखात आहे. त्याच्या चपळाईचे वर्णन आहे, त्याच्या फाटक्या गंजीफ्रॉकाचेही आहे. पण त्यास ‘बारक्या’ याखेरीज नाव नाही. तो कोणत्या जिल्ह्यातून आला, रात्री दुकान बंद झाल्यावर त्याच बाकांवर निजत असे काय, महिन्यास त्याच्या हाती काय पडे आणि गावी काय जाई, हे विचारावे असे त्याच्या हातचा चहा वीस वर्षे पिणाऱ्यास वाटले नाही. १० ऑक्टोबर २००६ पासून उपाहारगृहांत, धाब्यांवर आणि घरकामास चौदा वर्षांखालील मुले ठेवण्यास कायद्याने मनाई झाली. त्या मनाईआधी जी मुले या हॉटेलांतून वाढली, त्यांतील कित्येक आज वृद्ध आहेत आणि याच गावांत राहतात. त्यांच्याकडे कोणी आठवणी मागावयास गेलेले दिसत नाही.

मराठीत पलीकडची बाजू लिहिलीच गेली नाही असे मात्र नाही. नारायण सुर्वे यांनी लहानपणी घरगड्याची आणि हॉटेलातील पोऱ्याची कामे केली, आणि १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ हे नाव त्यांनी आपल्या संग्रहास दिले तेव्हा ते विद्यापीठ कोणते याविषयी कोणास शंका राहिली नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’ मध्ये, १९७८ साली, मुंबईतील कावाखाना ही वस्ती आली. ही पुस्तके आमच्या स्मरणिकाकारांच्या कपाटातही असतात, आणि तरीही ती वाचून झाल्यावर आपल्या नाक्यावरच्या हॉटेलाकडे वळताना त्यांची नजर पुन्हा बशीवरच का यावी, याचे आम्हांला कोडे आहे.

बायकांविषयी तर या लेखनात विलक्षण मौन आहे. कल्याणास ‘खिडकी वडा’ प्रसिद्ध आहे. घराच्या खिडकीतून वडे विकले जात म्हणून हे नाव पडले, हे कल्याणकर मोठ्या कौतुकाने सांगतो. खिडकीचे कौतुक सर्वांनी केले. पण घराच्या खिडकीतून विकायचे म्हणजे घरातच रांधायचे. आणि घरात रांधणे कोणाच्या वाट्यास येई हे आपल्या समाजात निराळे सांगावे लागत नाही. बटाटे किती वाजता उकडावयास लागत, सण-सुतक-आजारपणात खिडकी उघडी राही काय, हिशेब कोण ठेवी, ही त्या वड्याची खरी कथा होय. खानावळींचेही तेच. बिऱ्हाडात दहा-वीस पानांची खानावळ चालविणाऱ्या बाईस कोणी ‘दुकानदार’ म्हटले नाही, म्हणून तिची पाटी नव्हती, आणि पाटी नव्हती म्हणून ती बंद झाली तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कोठे हा एक धंदा आहे ही गोष्ट चारचौघांच्या नजरेस आली. आणि हॉटेलात जाऊन बसणाऱ्या बायकांचे काय? पुष्कळ हॉटेलांतून लाकडी पडदीआड एक ‘फॅमिली रूम’ असे. त्या पडदीच्या आतून रस्ता कसा दिसे, हे लिहू शकतील अशा स्त्रिया आपल्या घरोघरी आहेत; परंतु स्मरणिकेसाठी लेख मागावयास येणारा त्यांच्या यजमानांस विचारतो.

येथे एक अवघड विषय येतो, आणि तो टाळून हे परीक्षण पुरे होणार नाही. ‘त्या हॉटेलात सारे गाव जमत असे’ हे या लेखनातील आणखी एक आवडते वाक्य. सारे गाव म्हणजे कोण? चहासारख्या साध्या पेयावरून १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये केवढे ग्रामण्य माजले आणि टिळक-रानड्यांसारख्यांसही त्यात कसे ओढले गेले, हे सर्वश्रुत आहे. स्वातंत्र्यापूर्वी रेल्वे स्थानकांवर हिंदूंचे पाणी निराळे व मुसलमानांचे निराळे असे. ब्राह्मणी खानावळीच्या आणि हिंदू हॉटेलाच्या पाट्या उघड लागत, आणि ज्यांच्यासाठी पाटीची गरजही नव्हती त्यांना दाराबाहेर निराळ्या कपात चहा मिळे किंवा मिळतही नसे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख करून तेथील प्रवेशास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून आडकाठी करता येणार नाही असे लिहावे लागले, ते काही उगीच नव्हे. घटनाकारांना चहाच्या दुकानाचे मोल आमच्या स्मरणिकाकारांहून अधिक कळले होते.

कोणी म्हणेल, गोड आठवणींत हे कडू कशास कालवता? त्यावर आमचे म्हणणे असे की, ज्यास दाराबाहेर उभे राहावे लागले त्याचीही ती आठवणच आहे, आणि ती त्याच दुकानाची आहे. शिवाय ही बाजू सांगितल्याने दुकानाची गोष्ट फिकी पडते असेही नाही. कोल्हापूरचे गंगाराम कांबळे यांना अस्पृश्य म्हणून मार खावा लागला, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढून दिले, आणि स्वतः गाडी थांबवून तेथे चहा घेण्याचा परिपाठ ठेवला. महाराज घेतात म्हटल्यावर सोबतच्या मानकऱ्यांस नाही म्हणण्याची सोय उरली नाही. त्या चहाची चव कशी होती हे कोणी लिहून ठेवलेले आमच्या वाचनात नाही. तरीही महाराष्ट्रातील गेलेल्या दुकानांत याहून अधिक वेळा सांगितले जाणारे दुसरे चहाचे दुकान क्वचितच असेल. ठाणे-कल्याणातील कोणते हॉटेल कोणत्या साली सर्वांना आत घेऊ लागले, पहिल्या दिवशी काय घडले, जुन्या गिऱ्हाइकांपैकी कोण यावयाचे बंद झाले, हे सांगू शकणारी पिढी आता नव्वदीस टेकली आहे.

दुकाने गेली कशी, याविषयी तर हे लेखन केवळ हळहळते, किंवा ‘बाहेरच्या लोकांनी’ गाव बिघडविले असे म्हणून मोकळे होते. या दुसऱ्या म्हणण्यास तरी आम्ही सहज जाऊ देणार नाही. ज्या दुकानांसाठी आज डोळे ओले होतात, त्यांतील किती मालक मूळचे येथले होते? उडुपीकडचे लोक आले, इराणी आले, कच्छी वाणी आले. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळील लष्करी छावण्यांत उतरले आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. कारकुनांनी डोंबिवलीत बिऱ्हाडे केली ती तरी कोठून येऊन? बाहेरून येणाऱ्यांनीच हे गाव उघडले, चालविले आणि वाढविले.

दुकाने बंद पडण्याची कारणे पुष्कळ रुक्ष आहेत, पण ती जाणून घेण्याजोगी आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या गाळ्यांचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. त्यामुळे लहान दुकानदार पन्नास वर्षे नाममात्र भाड्यात तगला. त्याच कारणाने घरमालकाने पन्नास वर्षे भिंतीस हात लावला नाही, आणि गाळ्याची खरी किंमत पागडीच्या रूपाने बाजूने वाहू लागली. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, पण तोवर इमारती मोडकळीस आल्या होत्या. पुनर्विकासात रहिवाशास मोठी खोली मिळाली. पिठाच्या गिरणीस आणि कोळशाच्या वखारीस नव्या इमारतीच्या तळमजल्यावर कोण जागा देणार? ज्या स्वस्त भाड्याने दुकान जगविले त्यानेच ते अखेर पाडले, ही गोष्ट एखाद्या कादंबरीकाराच्या हाती पडती तर त्याने तिचे सोने केले असते. दुसरे कारण कारखान्यांचे. ठाण्याचा रेमंडचा कारखाना आणि कल्याणजवळ मोहन्याचा नॅशनल रेयॉन, दोन्ही २००९ साली बंद झाले. कारखान्याच्या दारापुढील चहावाला, पानवाला आणि पगाराच्या दिवशी उधारी वसूल करणारा किराणावाला हे भोंग्यावर जगत. भोंगा थांबल्यावर त्यांना निराळी नोटीस द्यावी लागली नाही. ठाण्यात कॅसल मिल नाका आणि गोल्डन डाईज नाका ही नावे बसच्या वाहकाच्या तोंडी अजून आहेत. तिसरे कारण कोणी लिहीत नाही, कारण ते दुःखाचे नाही : दुकानदाराची मुले शिकली, आणि पहाटे चार वाजता भट्टी पेटविण्यास त्यांनी नकार दिला. बापालाही ते मनातून हवेच होते.

गावाचे वर्णन लिहिण्याची आपल्याकडील परंपरा काही लहान नाही. गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहिले, पाच वर्षांनी ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ आले. माडगांवकरांनी आपल्या डोळ्यांसमोर चाललेला बाजार लिहिला. तो गेल्यावर रडण्यासाठी थांबले नाहीत. त्यांचे कुतूहल धंद्यांपाशी, जातींपाशी, बाजारभावापाशी आणि रस्त्यावरच्या माणसापाशी सारखेच रमते, आणि त्यामुळे दीडशेहून अधिक वर्षांनंतरही ते पुस्तक उपयोगी पडते. कल्याणास १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, ठाण्यास १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय. २०११ च्या जनगणनेत ठाणे महानगराची वस्ती अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांवर गेलेली होती. एवढ्या वस्तीच्या गावांचा बाजार केवळ सुस्काऱ्यांत शिल्लक राहावा हे योग्य नव्हे. दुकानांच्या उधारीच्या वह्या, भाडेपावत्या, वजनमापांचे दाखले, पाट्या रंगविणाऱ्यांची देणी, हे कागद अजून माळ्यावर आहेत. घर पुनर्विकासास गेले, की ते प्रथम रद्दीत जातात. उधारीची एक वही मिळाली तर एका गल्लीने महिन्याच्या अखेरीस काय खाल्ले आणि कोणत्या महिन्यात डाळ घेणे बंद केले हे कळेल. शंभर लेखांनी ते कळणार नाही.

आणि लिहिणाऱ्यांनी थोडी घाईही करावी, कारण दुसरा हप्ता आधीच बंद होऊन बसला आहे. पिवळ्या पाटीचे एसटीडीचे खोके, कॅसेट भाड्याने देणारी दुकाने, पासपोर्टचे फोटो अर्ध्या तासात देणारे स्टुडिओ, झेरॉक्सबरोबर टंकलेखन करून देणारे गाळे, संगणकासमोर तासावर बसावयास देणाऱ्या काळोख्या खोल्या. ही सगळी आमच्या डोळ्यांदेखत उघडली आणि बहुतेक आमच्या डोळ्यांदेखत मिटली. एसटीडीच्या काचेच्या खोक्याबाहेर बसून मीटरचा आकडा पाहणाऱ्या माणसाने नोकरी लागल्याची, मूल झाल्याची आणि मरणाची बातमी परक्यांच्या तोंडून सर्वांआधी ऐकली. यांतील बरेचसे खोके अपंग व्यक्तींना चालवावयास दिलेले होते. ती माणसे आज पन्नाशी-साठीची आहेत, आणि त्यांच्याकडे अजून कोणी गेलेले नाही.